लेओंतीनच्या उपाशी गोगलगायी

लेओंतीन बारोची 'शी' साधी नव्हती. आधी नाक वर चढायचं, मग डावा डोळा बारीक व्हायचा, मग खालचा ओठ इतका पुढे यायचा की त्यावर कपबशी ठेवावी, आणि सगळ्यात शेवटी दातांच्या फटीतून वाफ सुटायची: "श्श्शी!" ला फोस गावच्या शाळेत पोरं तिची नक्कल करायची. ज्याची सगळ्यात लांब चालेल तो जिंकायचा. पण अस्सल ती अस्सल. ती ऐकायला फाटकघराशी जावं लागायचं.

तिला शिसारी कशाकशाची होती, विचारू नका. डब्यातल्या सूपची. दुसऱ्याच्या घरच्या टॉवेलची. पाव उलटा ठेवणाऱ्यांची. कुत्र्याला तोंड चाटू देणाऱ्यांची तर इतकी, की असा माणूस समोर आला तर ती गालाला गाल लावायच्या ऐवजी लांबूनच मान हलवायची. पाद्रीबाबांचा हातरुमाल एकदा तिच्यासमोर खिशातून बाहेर आला, तेव्हापासून ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागली. पण ही सगळी किरकोळ घाण झाली. खरी घाण आली ती सायकलीवरून.

लेओंतीन राहायची जुन्या रेल्वेच्या फाटकघरात. तिची आई फाटकवाली. एका हातात लाल निशाण आणि दुसऱ्या हातात लेओंतीन, असं तिने हिला वाढवलं. पुढे गाड्या बंद पडल्या, रूळ उखडून नेले, आणि त्या पट्ट्यावर काटेरी झुडपं, रानबडीशेप आणि गुडघाभर गवत माजलं. ते तिच्या सुखाचे दिवस. मग जिल्ह्याच्या कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की इथे सायकलची वाट करावी. बडीशेप कापली, खडी दाबून बसवली, आणि बरोब्बर फाटकघरासमोर पाटी ठोकली: 'शांत. निवांत. एकही मोटार नाही.'

"निवांत म्हणे," लेओंतीन पाटीकडे बघून म्हणायची. "माझ्या गुलखैऱ्याच्या मागे जाऊन मुततात, तेच काय ते निवांत!"

सुट्टीच्या दिवशी तर रीघ लागायची. अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे, नुसते सोललेले ससे. काय झाकायचं आणि काय दाखवायचं, याचा कुणी विचार म्हणून केलेला नाही. तिच्या बाकावर टेकायचे, बूट काढायचे, मोजे पिळायचे. हो, पिळायचे! मग खिशातून एक इवलीशी पिशवी काढून दातांनी फाडायची आणि आतलं गुलाबी, बुळबुळीत काहीतरी डोळे मिटून चोखायचं.

"शेंबूड पितात," लेओंतीन सांगायची. "माझ्या बाकावर बसून शेंबूड पितात आणि पिशवी माझ्या कुंपणात खोचतात."

त्यात एखादी शहरातली बाई हात पसरून ओरडायची, "अहाहा! ऐकलंस, बेर्त्रां? काही म्हणजे काही ऐकू येत नाही इथे!" तेही इतक्या जोरात, की शेजारच्या आल्सीदच्या कोंबड्या फडफडत खुराड्यात शिरायच्या.

आल्सीद म्हणजे कुंपणापलीकडचा म्हातारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कानाने अर्धा, जिभेने दीड.

"लेओंतीन, तुझे पाहुणे आले गं!" तो परसातून ओरडायचा.

"माझे? तुझ्या बायकोच्या माहेरचे असतील."

"छे! त्यांच्यात कपडे घालायची पद्धत होती."

हे सगळं तिने एक वेळ गिळलं असतं. गिळवलं नाही ते गोगलगायींचं.

आमच्या शारांत जिल्ह्यात पाऊस पडून गेला की माणसं आभाळाकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. बादली घेतात, गमबूट चढवतात आणि गोगलगायी वेचायला निघतात. जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावरच्या सगळ्यात गोड, कारण त्या बडीशेपेवर पोसलेल्या. पण वाट झाल्यापासून त्या ओल्या खडीवर येऊन बसायला लागल्या. शिंगं बाहेर काढून, आपल्या सावकाश इकडून तिकडे. लेओंतीन वाकून एक उचलते न उचलते तोच मागून चाकं यायची. करच्. करच्. करच्.

"मादाम, टायरला काहीतरी चिकटलंय बघा," वर तोंड करून सांगायचे.

"तुमचं जेवण चिकटलंय," लेओंतीन म्हणायची. "चाटा!"

तर आता उत्सवाकडे येऊ. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ला फोसमध्ये गोगलगायींची पंगत असते. चौकात लिंडेनच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडतात, आणि एका दांडग्या पातेल्यात टोमॅटो, लसूण, डुकराचा खिमा आणि पांढऱ्या वाइनच्या रश्श्यात गोगलगायी शिजतात. पातेलं उत्सव मंडळाचं, पण त्यातला चमचा बारोंच्या घरचा. आधी आईच्या हातात, मग लेओंतीनच्या. लग्न तिने केलं नाही ("दुसऱ्याचा कंगवा घरात? श्शी!"), नाव मिरवावं असं दुसरं काही केलं नाही. वर्षातून एक दिवस ती त्या पातेल्यापाशी उभी राहायची, आणि सगळं गाव ताटली घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं. बस. तेवढंच तिचं होतं.

यंदा मंडळाचा अध्यक्ष झाला रेजी फुशरो. पोहण्याचे तलाव विकायचा धंदा, बोलताना प्रत्येक वाक्यावर हात चोळायची सवय, आणि हात कायम दमट. तो एका सकाळी फाटकघरी आला आणि म्हणाला, "लेओंतीन, जग बदललंय. यंदा मी सायकल क्लबलाही बोलावलंय. माणसं वाढणार. वाटेवर आता मिळतात किती गोगलगायी? आपण सरळ फ्रोझन मागवू. सोललेल्या येतात, साफ, गाडी दारात."

"कुठून येतात?"

"येतात कुठूनतरी. पोलंडहून."

"पोलंडहून सोलून येतात," लेओंतीन हळूहळू म्हणाली, आणि नाक वर चढायला लागलं.

रेजीने घाईघाईने हात चोळले. "बरं बरं, ऐक. पातेलं भरेल एवढ्या आणल्यास तर पातेलं तुझं. कमी पडल्या, तर यापुढे फ्रोझन, आणि चमचा मी धरणार. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. आणि त्याचा दमट हात न धरता स्वतःचा हात एप्रनला पुसला.

त्या मे महिन्यात लेओंतीन पावसाची वाट बघत झोपायची आणि उजाडायच्या आत वाटेवर असायची. कमरेत वाकलेली, एका हातात बादली. मागून घंटी वाजली तर ढिम्म हलायची नाही. "ट्रिंग ट्रिंग! मादाम, बाजूला!" "आधी त्या जातील!" ती समोरच्या गोगलगायींकडे बोट दाखवायची. एका रांगेत उभं राहून लियोंचा एक अख्खा क्लब एका गोगलगायीच्या मागे थांबला होता, हे आल्सीदने डोळ्यांनी पाहिलंय. असं करत करत तिने पेट्या भरल्या.

आता उपवास.

ज्याला गोगलगाय खायची त्याला आधी तिला उपाशी ठेवता आलं पाहिजे. बाहेर असताना ती काय काय खाते: माती, सडका पाला, माणसाला चालणार नाही असलं विषारी गवतसुद्धा. ते सगळं पोटात असतं. म्हणून तिला जाळीच्या पेटीत कोंडायचं, घराच्या उत्तरेच्या भिंतीला सावलीत ठेवायचं, झाकणावर दगड, आणि मग काही म्हणजे काही द्यायचं नाही. पान नाही, पाण्याचा थेंब नाही. आतलं सगळं बाहेर पडतं. रोज पेटी धुवायची आणि कोरडी करायची. हळूहळू त्या आत सरकतात, तोंडाशी पातळ पापुद्रा ओढून घेतात आणि गप्प होतात. तेव्हा त्या शुद्ध. मग मीठ आणि व्हिनेगरमध्ये घोळलं की फेस सुटतो, राखाडी, दोरीसारखा लांबणारा, चिकट, बादलीच्या काठावरून खाली ओघळणारा. तो बघून परगावच्या सुना तोंडावर हात धरून पळतात. लेओंतीन त्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि गाणं गुणगुणायची. बाहेर येणाऱ्या घाणीची तिला शिसारी नव्हती. आत राहिलेल्या घाणीची होती.

उत्सवाच्या आधीचा गुरुवार. उपवास पुरा होत आलेला. पावाची गाडी चौकात आली म्हणून लेओंतीन पाव आणायला गेली, गाडीवाल्याच्या काळ्या नखांकडे बघून 'कागदात दे' म्हणाली, आणि परत आली. तर उत्तरेच्या भिंतीशी दोन सायकली टेकलेल्या. दगड खाली. झाकणं उघडी. एक उंच, लालबुंद, घामाने निथळणारी बाई उकिडवी बसून पेट्यांमध्ये सॅलडची हिरवी पानं सोडतेय, आणि तिचा नवरा आपल्या पाण्याच्या बाटलीने वरून पाणी शिंपडतोय. त्याच बाटलीने. जी तो तोंडात घालायचा.

"मादाम!" बाई हसत हसत उठली. हॉलंडची होती. आमची भाषा तिच्या तोंडात गरम बटाट्यासारखी इकडून तिकडे फिरायची. "तुमचं घर? फार वाईट! कुणी विसरला! खाणं नाही, पाणी नाही! बिचारे, बिचारे! पण आता ठीक. बघा, नाचतात!"

आणि खरंच, पापुद्रे फोडून त्या बाहेर आल्या होत्या. शिंगं ताठ. पानांवर तुटून पडल्या होत्या. इतक्या शांततेत नीट कान दिला तर खाण्याचा आवाज येत होता.

लेओंतीनचं नाक वर गेलं. डोळा बारीक झाला. ओठ पुढे आला. पण वाफ काही सुटली नाही. ती पाव छातीशी धरून तशीच उभी.

"ती रडतेय, विम," बाई नवऱ्याला म्हणाली. "आनंदाने." आणि पुढे होऊन तिने आपल्या ओल्या, घामट, खारट दंडांनी लेओंतीनला घट्ट मिठी मारली.

त्यानंतर ती दोघं बोर्दोच्या दिशेने निघून गेली. आपण काय केलं हे त्यांना आजतागायत माहीत नाही. चांगली माणसं होती. सॅलड मात्र लेओंतीनच्याच वाफ्यातलं होतं.

तिने तोंड धुतलं, मान धुतली, झगा बदलला आणि रेजीकडे गेली.

"उत्सव पुढे ढकल," ती म्हणाली. "त्यांचा उपवास मोडला."

"कुणाचा?"

तिने सांगितलं. रेजीने ऐकून हात चोळले. "म्हणजे सॅलड खाल्लं. बरं मग? मीपण खातो सॅलड."

"तुला मी शिजवत नाहीये, रेजी. आत हिरवं आहे. आतडी भरलीयत. पुन्हा सगळा उपवास करायला हवा."

"अगं, पोस्टर लागलेत! क्लब येणार! आणि फ्रोझनची मागणी मी तुझ्या शब्दावर रद्द केलीय." तो जवळ सरकला. त्याच्या तोंडाला डुकराच्या मांसाच्या पाटेचा आणि कॉफीचा मिळून एक वास होता. "ऐक माझं. शिजव आणि गप्प बस. लसूण जास्त घाल. एवढ्या रश्श्यात कोणाला काय कळतंय?"

लेओंतीनने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू पाद्रीबाबांचा हातरुमालच चालत आला.

"नाही शिजवलंस तर चमचा विसर," तो म्हणाला. "यंदाही आणि पुढेही."

दुपारभर ती परसात बसून होती. मांडीवर मिठाची पिशवी, समोर पेट्या. शिजवायचं म्हटलं तर अवघड काय होतं? मीठ, व्हिनेगर, उकळी. खिमा, लसूण, वाइन. कुणी मरत नाही असल्यानं. फार तर दाताखाली कचकच. रविवारी ती पातेल्यापाशी उभी, गाव समोर, सगळं पहिल्यासारखं.

"गावाला वरच्यावरचा रस्सा वाढ," आल्सीद कुंपणावरून म्हणाला. त्याला सगळं कळलेलं होतं, नको तेव्हा त्याला बरोबर ऐकू येतं. "आणि तळातल्या गोगलगायी सायकल क्लबला. मुतलेत ना गुलखैऱ्यात? होऊ दे फिट्टंफाट!"

आणि खरं सांगायचं तर तिला क्षणभर फार बरं वाटलं. ती टेबलाभोवती बसलेली चकचकीत सोललेल्या सशांची रांग, ती हिरवी आतडी, ते मिटलेले डोळे आणि "अहाहा, बेर्त्रां, काय चव आहे!" ती चक्क खुदकन हसली. मग तिने पेटीतली एक गोगलगाय उचलली आणि कवच फोडून बोटाने दाबली. हिरवा, ओला, बुळबुळीत दोरा बाहेर आला आणि तिच्या अंगठ्यावर वेटोळं करून बसला.

"श्श्शी!"

पण ही 'शी' वेगळी होती. आजवर प्रत्येक वेळी समोर कुणीतरी असायचं. आज समोर कुणीच नव्हतं, फक्त तिचा स्वतःचा अंगठा आणि मांडीवरचं मीठ. ते सोललेले ससे तिला किळसवाणे होते, हे खरं. पण त्यांच्या तोंडात ही घाण आपल्या हाताने घालायची म्हणजे किळसवाणं कोण झालं?

तिने मिठाची पिशवी बांधून फळीवर ठेवली. सॅलडचं पान न् पान वेचून काढलं, पेट्या धुतल्या, झाकणं लावली, दगड ठेवले. आणि आल्सीदला म्हणाली, "रेजीला जाऊन सांग. चमचा त्यालाच लखलाभ."

रविवारी ती गेली नाही. संध्याकाळी आल्सीद आला तो जबडा धरून. रेजीने कुठल्यातरी सुपरमार्केटातला सगळा फ्रीजर आणून पातेल्यात ओतला होता.

"रबर," आल्सीद म्हणाला. "लसणाचा वास दिलेलं रबर. मी एक दुपारी तोंडात टाकली, बघ, अजून आहे." आणि त्याने आ वासला.

"तोंड मिट! श्श्शी!"

"रेजीने भाषण केलं. 'आधुनिक उत्सव' म्हणे. क्लबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गोगलगायी लिंडेनच्या मुळाशी पुरल्या. मी पाहिलं."

इकडे पेट्यांमध्ये दुसरा उपवास सुरू झाला. पण आता लेओंतीन पेट्या सोडून हलेना. भिंतीशी खुर्ची टाकून, आईचं लाल निशाण मांडीवर घेऊन बसली. कुणी वाकला की निशाण फडकवायची. पाव आल्सीद आणायचा. त्यानेच एका फळीवर रंगाने लिहून दिलं: 'यांना खायला घालू नये.' त्याने झालं उलटंच. पाटी वाचायला सायकली थांबायला लागल्या.

"का नाही घालायचं, मादाम?"

पहिल्यांदा तिने सगळं नीट समजावलं. नंतर नंतर थोडक्यात. शेवटी शेवटी नुसतं, "पोट साफ करतायत. तुम्हीही करा." पण ते ऐकायचे, फोटो काढायचे, पेटीत डोकवायचे, "ई!" म्हणायचे. तिला फार नवल वाटलं. यांनाही शिसारी येते तर! एका घामाघूम पोरीची 'ई' चांगली होती, नाकातून सुरू होणारी. लेओंतीनने मनातल्या मनात मान डोलावली.

उपवास पुरा झाला तो एका बुधवारी. ना सण, ना उत्सव. पातेलं मंडळाच्या खोलीत कुलपात होतं. मग तिने माळ्यावरून आईचं कपडे उकळायचं दांडगं भांडं काढलं. त्यात एके काळी फाटकावरच्या सगळ्या कामगारांचे आतले कपडे उकळलेले, हे आठवून ती दोनदा बाहेर जाऊन उभी राहिली. राखेने घासलं, व्हिनेगरने घासलं, पुन्हा राखेने. मग वाटेच्या कडेला चूल मांडली आणि फेस, उकळी, खिमा, लसूण, वाइन. दुपारी वारा गावाकडे वाहत होता.

आधी आला आल्सीद, ताटली आणि खिशात टाचणी घेऊन. मग बेकरीवाली, मग दोन म्हाताऱ्या, मग हळूहळू कुणी कुणी, "सहज इकडे आलो होतो" असं म्हणत, पण सगळ्यांच्या हातात ताटल्या. आणि वाट तर वाटच होती, सायकली येतच होत्या. थांबल्या. लेओंतीनने कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त भांड्याशेजारी पंप होता, तिकडे बोट दाखवायची. "आधी हात."

एका बेल्जियन बाप्याने टाचणीने पहिली गोगलगाय ओढून काढली, वास घेतला, डोळे मिटले, गिळली, आणि मग रश्श्याने माखलेली पाचही बोटं एकामागून एक तोंडात घालून चोखली. मनगटापर्यंत.

"श्श्शी! बोटं!" लेओंतीन ओरडली. आणि त्याच्या ताटलीत आणखी एक चमचा ओतला.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला, दोन सोललेल्या सशांच्या मागे, रेजी फुशरो दिसला. रविवारची स्वच्छ ताटली घेऊन. तो पुढे पुढे सरकत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. भांड्यात पाहिलं. घसा खाकरला.

"लेओंतीन, ते पातेलं... म्हणजे मंडळाचं म्हणणं असं की पुढच्या वर्षी तूच..."

"हात दाखव."

"काय?"

"हात. त्या रविवारी फ्रीजरमध्ये घातलेले. जा, पंपावर धू. साबण लावून."

सगळी रांग वळून बघायला लागली. रेजीने ताटली आल्सीदकडे दिली, पंपापाशी गेला आणि हात चोळायला लागला. या वेळी कारण होतं.

"आणि पातेल्याचं काय?" त्याने तिथूनच विचारलं.

लेओंतीनने चमचा भांड्याच्या काठावर आपटून झटकला.

"तेही धुऊन आण."